ताटातले अंडे आणि तिजोरीची शिस्त

सरकारी खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की ती नेमकी कुठे लागते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच वैद्यकाचाही आहे, कारण रस्त्याचे काम दोन वर्षे लांबले तर रस्ता दोन वर्षांनी होतो, पण दीड वर्षाच्या मुलाचा आहार दोन वर्षांनी देता येत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न अलीकडे अगदी ठोस रूपात उभा राहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी 2025 मध्ये अंडी व साखर यांसाठीचा निधी थांबवण्यात आला आणि हे पदार्थ द्यायचेच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभारावा, असे कळवण्यात आले. यातून वाचणारी रक्कम सुमारे 50 कोटी रुपयांची होती. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाचे आकारमान सुमारे सात लाख कोटी रुपयांचे आहे; म्हणजे लाख रुपयांच्या खर्चात जेमतेम सात रुपयांची ही बचत.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आपल्याकडच्या वादपद्धतीचा दंडक असा की पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावे. तो पाळण्यासाठी येथे दोन भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत: एक, वित्त विभागात सारी नोकरी घालवलेले निवृत्त अधिकारी, आणि दुसऱ्या, आदिवासी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेल्या बालरोगतज्ज्ञ.

अधिकाऱ्यांनी सुरुवात आकड्यांपासून केली. "डॉक्टर, पन्नास कोटी ही रक्कम क्षुल्लक वाटते, कारण ती एकटी समोर ठेवली जाते. मंत्रालयात ती एकटी येत नाही. प्रत्येक विभाग आपापले पन्नास कोटी घेऊन येतो, प्रत्येकाचे कारण ऐकले की डोळ्यांत पाणी यावे असेच असते, आणि या सगळ्यांची बेरीज करणारा माणूस वित्त विभागात बसलेला असतो. वर्षभराचा महसूल रोजच्या खर्चालाही पुरेनासा झाला की जी दरी उरते ती महसुली तूट. 2025-26 साठी तिचा अंदाज सुमारे 45,900 कोटींचा आहे. सगळा खर्च भागवण्यासाठी जेवढे कर्ज काढावे लागते ती राजकोषीय तूट. ती 1 लाख 36 हजार कोटींच्या घरात आहे. ही तूट आवरावी म्हणून राज्याने 2005 साली स्वतःच कायदा करून घेतला. आज उसनवारी करून अंडे दिले, तर त्या अंड्याचे व्याज याच मुलांना मोठेपणी भरावे लागेल. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्याने हाही विचार करायला नको का?"

हा युक्तिवाद हलका नाही. मुलांच्या नावाने काढलेले कर्ज मुलांच्याच माथी बसते, हे खरेच आहे. बालरोगतज्ज्ञांनी ते नाकारले नाही. त्यांनी विचारले ते दुसऱ्या बाजूच्या व्याजाबद्दल.

"साहेब, कर्जाचे व्याज निदान कुठेतरी लिहिले जाते. न दिलेल्या आहाराचे व्याज कोणत्याच खतावणीत येत नाही. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत साधारण हजार दिवस भरतात, आणि मेंदूची बहुतेक बांधणी व उंचीचा पाया याच दिवसांत घातला जातो. या काळात दीर्घकाळ आहार कमी पडला की मुलाची उंची वयाच्या मानाने कमी राहते. त्याला खुजेपणा म्हणतात, आणि दोन वर्षांनंतर तो पुरता भरून निघणे फार अवघड असते. अलीकडच्या उपासमारीने किंवा आजाराने वजन उंचीच्या मानाने घटते, ती लुकडेपणाची अवस्था. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले खुजी आणि 25.6 टक्के लुकडी होती. देशातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्यात चारांपैकी एक मूल लुकडे."

आकड्यामागचे शरीर दिसावे म्हणून त्यांनी दंडघेराच्या पट्टीचे वर्णन केले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ही पट्टी गुंडाळतात. माप साडेबारा सेंटिमीटरच्या वर असले तर हिरवा रंग दिसतो, त्याखाली पिवळा, आणि साडेअकराच्या आत आले की लाल. लाल पट्टीतले मूल अति तीव्र कुपोषित, सरकारी बोलीत 'सॅम', ठरते. त्याचा दंड मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कड्यात सहज मावतो. अशा मुलाला एरवी किरकोळ ठरावी अशी हगवण किंवा खोकलासुद्धा जिवावर बेतते. 1992 साली जव्हार भागातल्या वावर-वांगणीत मुले दगावली तेव्हा राज्याला हे प्रथम ठळकपणे कळले, आणि 2001 च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने बालमृत्यूंची नोंदच अपुरी होते हे दाखवून दिले.

"आणि हिशेबच करायचा असेल तर तोही करता येतो," त्या पुढे म्हणाल्या. "ग्वाटेमालातील काही खेड्यांत 1969 ते 1977 या काळात लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज देण्यात आली आणि शेजारच्या खेड्यांत प्रथिनांविना गोड पेय. संशोधकांनी तीच मुले प्रौढपणी शोधून काढली, तेव्हा अगदी लहान वयात ती पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी इतरांपेक्षा सुमारे 46 टक्क्यांनी जास्त आढळली. ज्या खर्चाने तीस वर्षांनी मजुरी वाढते त्याला जगातला कोणताही सावकार गुंतवणूकच म्हणेल."

येथे संवाद एका तांत्रिक वाटणाऱ्या, पण सगळ्या वादाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्यावर आला. सरकारी लेखापद्धतीत खर्चाचे दोन भाग पडतात. रस्ता, धरण, इमारत अशी टिकाऊ मालमत्ता निर्माण करणारा तो भांडवली खर्च. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, औषधे आणि आहार हा महसुली खर्च. शिस्तीच्या कायद्याचा रोख महसुली तूट संपवण्याकडे असतो, आणि केंद्र सरकार राज्यांना 2020-21 पासून पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज देते तेही भांडवली खर्चासाठीच. याचा परिणाम असा होतो की अंगणवाडीची इमारत बांधणे ही मालमत्ता ठरते आणि त्या इमारतीत बसून जेवणाऱ्या मुलाचा घास हा उपभोग ठरतो. कोणाही अधिकाऱ्याच्या मनात मुलांविषयी आकस नसताना कात्री घासाकडे वळते, याचे कारण या रकान्यांत आहे. अधिकाऱ्यांनी हे मान्य केले, मात्र एक इशाराही दिला: "आहाराला भांडवली म्हणू लागलो की उद्या प्रत्येक अनुदान भांडवली होईल आणि तूट मोजण्याला अर्थच उरणार नाही. रकाना बदलल्याने पैसा वाढत नाही." हा इशारा रास्त आहे. तरीही एवढे म्हणावेच लागते की ज्या मोजमापात पुलाचे आयुष्य दिसते आणि माणसाचे दिसत नाही, त्या मोजमापावर एकट्यावर भिस्त ठेवून मुलांच्या बाबतीत निर्णय घेता येत नाहीत.

"शिवाय," अधिकारी म्हणाले, "मुलांच्या आहारावर कात्री चालली असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. शाळेतल्या आहाराचा दर केंद्राने 2022, 2024 आणि 2025 मध्ये वाढवला. प्राथमिक वर्गासाठी तो आता दिवसाला सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे आहे. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी मिळतात. एखादे अंडे बंद झाले म्हणजे सगळे बंद झाले, असे चित्र रंगवू नये."

बालरोगतज्ज्ञांचे उत्तर या संवादातले सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल, कारण काटकसरीचे खरे तंत्र त्यातून उघड होते. अंगणवाडीतील पूरक आहारासाठी सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर 2017 साली ठरला, आणि अति तीव्र कुपोषित मुलासाठी बारा रुपये. त्या आठ रुपयांत 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. पुढची किमान सात वर्षे हा दर हलला नाही. महागाई वर्षाला पाच टक्केच धरली तरी सात वर्षांत आठ रुपयांची खरेदीशक्ती पावणेसहा रुपयांच्याही खाली जाते. "म्हणजे साहेब, कोणी आदेश काढला नाही, विधानसभेत प्रश्न आला नाही, वर्तमानपत्रात बातमी छापली गेली नाही, आणि तरी चौथाईहून जास्त कपात झाली. अंडे बंद झाले ते निदान कळले. हे कळतसुद्धा नाही."

ही कपात ताटात कशी उतरते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गहू-तांदूळ केंद्राकडून सवलतीच्या दराने मिळतात, म्हणून गोठलेल्या दराचा भार धान्यावर पडत नाही. तो डाळ, तेल, शेंगदाणे आणि भाजी यांवर पडतो. किरकोळ बाजारात एक अंडेच सहा-सात रुपयांना पडते. आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायका मग खिचडीत डाळ कमी करतात, तेल हात राखून घालतात आणि पाणी वाढवतात. पातेले तेवढेच भरलेले दिसते, मुले तेवढीच जेवलेली नोंदली जातात. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पोट एवढेसे असते. पातळ खिचडीने ते भरते आणि उष्मांक मात्र पुरेसे मिळत नाहीत. लहान मुलाच्या आहारात तेल आणि प्रथिने हीच नेमकी हवीत, आणि दर गोठला की नेमकी तीच आधी जातात. ज्या बाईला आठ रुपयांत पंधरा ग्रॅम प्रथिने बसवायला सांगितली आहेत तिला पातळ खिचडीबद्दल जाब विचारणे हा अन्याय आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

न वाढवून कमी करण्याची ही रीत केवळ आपल्याकडची नाही. 2008 च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनमध्ये 2010 साली आलेल्या सरकारने खर्चकपातीचे धोरण स्वीकारले, आणि 2016 ते 2020 अशी चार वर्षे कामकरी वयातील कुटुंबांचे बहुतेक भत्ते आहे त्या रकमेवर गोठवून ठेवले. एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या अपत्यासाठी मिळणारा उत्पन्नाधारित भत्ता बंद झाला. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या अन्नपेढ्यांनी, म्हणजे गरजूंना तीन दिवसांचा शिधा मोफत देणाऱ्या केंद्रांनी, 2010-11 मध्ये सुमारे 61 हजार शिधापाकिटे वाटली होती. 2019-20 मध्ये ती सुमारे 19 लाख झाली. केंद्रे वाढली म्हणून पाकिटे वाढली, असा आक्षेप अधिकाऱ्यांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे. परंतु घरभाडे वजा जाता मध्यम उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहूनही कमी उत्पन्नात राहणारी मुले, म्हणजे तेथील व्याख्येप्रमाणे गरीब मुले, याच दशकात सुमारे 36 लाखांवरून 40 लाखांच्या पुढे गेली, आणि तो आकडा अन्नपेढ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. दोन अपत्यांची मर्यादा एप्रिल 2026 पासून उठवण्याचे नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. चूक दुरुस्त झाली हे चांगलेच; पण एप्रिल 2017 मध्ये जन्मलेले तिसरे अपत्य तोवर नऊ वर्षांचे झालेले असते.

अधिकाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा यानंतर आला. "डॉक्टर, पैसा वाढवला म्हणजे कुपोषण घटते, हे गृहीतच तपासायला हवे. आपण सांगितलेला 25.6 टक्के लुकडेपणा त्याआधीच्या, 2015-16 च्या पाहणीतही 25.6 टक्केच होता. एवढ्या वर्षांत इतक्या योजना झाल्या आणि आकडा दशांशानेही हलला नाही. घरपोच आहाराची कंत्राटे बचत गटांच्या नावाखाली मोठ्या पुरवठादारांकडे जात होती, ती 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. ती पाकिटे कित्येक घरांत मुलांऐवजी जनावरांपुढे जात. मूल लुकडे असते ते आई स्वतः अशक्त असते म्हणून, तिचे लग्न सोळाव्या वर्षी झालेले असते म्हणून, पाणी दूषित असते म्हणून, आणि दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड कोयता घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाते म्हणून. यात अंड्याचा वाटा किती? त्यापेक्षा पैसा थेट आईच्या हाती द्यावा. लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. ते मुलांच्याच पोटात जातात."

या म्हणण्यातला बराचसा भाग खरा आहे आणि बालरोगतज्ज्ञांनी तो तसाच स्वीकारला. कुपोषण एकट्या अन्नाने होत नाही आणि एकट्या अन्नाने जातही नाही. कंत्राटदार नकोत असे सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2004 सालीच बजावले होते. आईच्या हाती रोख पैसा येणे त्यांना मोलाचे वाटत होते. घरातली तिची पत त्याने वाढते. "पण साहेब, दीड हजार रुपये घराला मिळतात आणि घरात सहा तोंडे असतात. आई उसाच्या फडात दिवसभर राबते तेव्हा दहा महिन्यांच्या मुलाला दिवसातून पाच वेळा भरवायचे कोणी? त्यासाठी जवळ पाळणाघर लागते, शिजलेले अन्न लागते, भरवणारी बाई लागते. हे बाजारात विकत मिळत नाही. आणि काम करणाऱ्या बाईकडेही पाहा. डिसेंबर 2023 मध्ये अंगणवाडीसेविका आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या, तो संप महिन्याहून अधिक चालला, आणि ज्या गावांत अंगणवाडी उघडली नाही तेथे मुलांचा आहारही थांबला. व्यवस्था वाईट चालते म्हणून पैसा देऊ नये, आणि पैसा नाही म्हणून व्यवस्था वाईट चालते, या फेऱ्यात मूल अडकते."

त्यांनी तमिळनाडूचे उदाहरण पुढे केले. मुख्यमंत्री कामराज यांनी 1956 च्या सुमारास शाळेत दुपारचे जेवण सुरू केले आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये पौष्टिक आहार योजना लहान मुलांपर्यंत नेली. त्या काळचे तमिळनाडू आजच्या महाराष्ट्राहून कितीतरी गरीब होते, तरी योजना पुढच्या कोणत्याही सरकारने मोडली नाही आणि कालांतराने तेथे शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळू लागले. त्याच राष्ट्रीय पाहणीत तेथील खुजेपणा 25 टक्के आणि लुकडेपणा 14.6 टक्के आहे. हा सगळा फरक अंड्याने पडला असे कोणी म्हणणार नाही. स्त्रीशिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रे, रस्ते यांचा त्यात मोठा हात आहे. तरी देशभरातील शालेय आहाराचा अभ्यास करणाऱ्या 2021 च्या एका शोधनिबंधात असे आढळले की ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळाले त्यांच्या पोटच्या मुलांत खुजेपणा कमी आहे. म्हणजे या खर्चाचे फळ मोजायचे तर एका पिढीने थांबावे लागते, आणि अर्थसंकल्प दर मार्चमध्ये मांडला जातो.

"मग पैसा आणायचा कुठून?" अधिकाऱ्यांनी सरळ विचारले, आणि याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. 1972 च्या दुष्काळात राज्याची तिजोरी आजच्या तुलनेत अगदीच तोकडी होती. त्या वेळी मजुरांना खडी फोडण्याचे काम आणि मुलांना सुकडी हा पौष्टिक खाऊ दिला गेला, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशाने ग्रामीण भागातला उपाशी माणूस कामावर लागला. हा कर आजही पगारपत्रकावर दिसतो, त्याची वर्षाची कमाल मर्यादा 2,500 रुपये आहे, आणि तो मुळात कशासाठी सुरू झाला हे तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. चणचणीच्या काळात गरिबाच्या ताटाला हात लावण्याऐवजी सुस्थितांकडे हात पसरणे राजकीयदृष्ट्या शक्य असते, याचा हा घरचाच पुरावा आहे. अधिकाऱ्यांनी त्यावर अनुभवाची पुस्ती जोडली: विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला निधी पुढे पुढे न खर्चता साचतो, रोजगार हमीच्या निधीबाबत तसे झाल्याच्या तक्रारी होत्याच, आणि साचलेला निधी दिसला की तो इतरत्र वळवण्याचा मोह होतो.

शेवटी दोघांचे एका गोष्टीवर जवळजवळ एकमत झाले, आणि ती गोष्ट अधिकाऱ्यांनीच सुचवली. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किंमत निर्देशांकाशी, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या किमतींवरून काढलेल्या सरासरीशी, जोडलेला असतो आणि जानेवारी व जुलै अशा दोन टप्प्यांत त्याचा फेरविचार होतो. त्यासाठी दर वेळी नव्याने धोरण ठरवावे लागत नाही. अंगणवाडीतील मुलाचा दर खाद्यपदार्थांच्या किंमत निर्देशांकाशी असाच जोडावा, शाळेतल्या स्वयंपाकी-मदतनिसांचे 2009 पासून महिना हजार रुपयांवर थांबलेले केंद्रीय मानधनही त्याच रीतीने वाढावे, आणि मुलांच्या आहारात कपात करायचीच असेल तर ती विधिमंडळात उघडपणे मांडून, मत घेऊन करावी. "असे झाले तर कोणताही अर्थमंत्री ती कपात मांडायला धजणार नाही," अधिकारी म्हणाले, "आणि मग कात्री दुसऱ्या कोणावर तरी लागेल. तो दुसरा कोण, हे आधी ठरवा, डॉक्टर." बालरोगतज्ज्ञांनी उत्तर दिले की तो कोणीही असो, त्याला निदान मत असेल, संघटना असेल आणि मंत्रालयावर मोर्चा नेण्याइतके वय असेल. आहाराचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा, यावर मात्र दोघांचे मतभेद कायम राहिले.